‘आता कसली विषमता?’ – तुमचे अनुभव लिहा

‘शिकता, कमावता, मत देता, मग अजून काय हवंय?’ हे बायकांना कुणी ऐकवलं की वाटतं, हे सगळं शतकांपूर्वी मिळालं असावं. पण स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ साली. तिथल्या आपेन्झेल इनररोडन परगण्यात तर स्थानिक मतदानासाठी १९९० उजाडलं, तेही कोर्टाने बजावल्यावर. तेव्हा ताटकळलेल्या कितीतरी जणी आजही नोकरी करत असतील.

कायदे झाले, मान्य. पण गृहीत धरणं कायद्याने थांबत नाही, आणि मला त्याबद्दलच ऐकायचंय. पुरुषांनीही लिहा. भाषणं नकोत, प्रसंग हवेत.

* * *

मी कारखान्यात सुटे भाग जोडायचं काम करते. हातमोजे एकाच मापाचे येतात, पुरुषी पंजाच्या. बोटांच्या टोकाशी रिकामं रबर लोंबतं. बारीक नट उचलायला जावं तर चिमटीत रबरच येतं, नट खालीच. मोजा काढला की सुपरवायझर ओरडणार, घातला की काम रेंगाळणार, आणि मग ‘बायकांचा हात हळू’ हे आहेच. लहान माप मागितलं तर ‘दोघीतिघींसाठी वेगळी ऑर्डर कोण काढणार?’

आमचंच नशीब असं वाटायचं. पण मार्च २०१९ मध्ये नासाचा दोन महिलांचा पहिला स्पेसवॉक (यानाबाहेर पडून करायचं काम) बारगळला, कारण अंतराळ-पोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर गेल्या. म्हणजे वर अंतराळातही हीच रड!

* * *

मीटिंगमध्ये आठ पुरुष आणि मी. टिपणं कोण घेणार, हे विचारायचीही गरज कुणाला वाटत नाही. इतकंच.

* * *

माझा अनुभव झोपेच्या गोळीचा. झोल्पिडेम घेत होते. रात्री झोप छान, पण सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवला तरी डोळ्यांवर झापड. डॉक्टरांना सांगितलं. ‘फार विचार करता तुम्ही, ताण कमी करा.’ ताण? मला झोप येत होती हो!

पुढे वाचनात आलं की बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बायकांसाठी नेहमीच्या गोळीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला. औषध बाजारात येऊन तोवर वीसेक वर्षं झाली होती. त्याच एफडीएच्या १९७७ च्या सूचनेनुसार गर्भधारणा होऊ शकेल अशा बायकांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांतून वगळत असत. ती १९९३ मध्ये बदलली. हेतू गर्भाला जपण्याचा होता, मान्य. पण ज्यांच्यावर तपासलंच नाही त्यांनाही गोळ्या तर दिल्याच ना? (कुणी आपल्या मनाने डोस बदलू नका. नवीन डॉक्टरांनी माझा कमी केला.)

* * *

बाबा बोलतोय. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा. मी घरून काम करतो, शाळा जवळ, सगळं लिहून दिलंय. तरी लेकीला ताप आला की फोन बायकोला. ती मीटिंग सोडून मला कळवते, मी जाऊन घेऊन येतो. दारात बाई कौतुकाने म्हणतात, ‘वा, आज बाबा आले!’ बायको गेली असती तर कुणी वा म्हटलं नसतं. हे कौतुक मला नकोय, फोन हवाय.

* * *

थोडं विरोधी लिहितो. जड उचलायचं, रात्रपाळी करायची की पुरुष आठवतात. त्याचं काय?

* * *

वरच्या दादांना : तेही गृहीत धरणंच, त्यामुळे तुमचाही अनुभव या धाग्यातलाच. पण बायकांचं काम थांबल्याशिवाय दिसतही नाही. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी ऑफिसचं आणि घरचंही काम बंद ठेवलं. पुरुष मुलांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा आला. तरी २०२३ मध्ये त्याच तारखेला तिथे पुन्हा संप झाला, आणि पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर स्वतः त्यात होत्या. समानतेच्या यादीत वर्षानुवर्षं पहिल्या असलेल्या देशाची ही कथा.

* * *

पगाराचं लिहिते. माझ्यानंतर लागलेला, मीच शिकवलेला सहकारी माझ्यापेक्षा जास्त घेतो, हे त्याच्याच तोंडून सहज कळलं. तो बिचारा ओशाळला. साहेबांचं म्हणणं, ‘त्याने जॉइन होताना घासाघीस केली, तू केली नाहीस.’ आता केली, तर ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ तोंडी बोलणं संपलंय, आता लेखी मागणार आहे. तो सहकारी स्वतःचा आकडा द्यायला तयार आहे, पण त्याची नोकरी धोक्यात यायला नको. कुणी असं पत्र दिलं असेल तर दुसऱ्याचं नाव न घेता मुद्दा कसा मांडलात, तेवढं सांगा.