मदत हवी आहे: गेम पुलावर अडकलाय, पैसे परत मिळतील का?

राम राम मंडळी. मी परभणीचा. दिवाळीत सोयाबीनचे पैसे आल्यावर दादाच्या मागं लागून एक नवा गेम घेतला, स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानातून, 2,499 रुपयांना. त्यात नदीवरच्या पुलावर घोडा चढला की स्क्रीन गोठते, टापांचा आवाज तेवढा चालू राहतो. सेव्ह पण तिथंच झालेलं.

गेम बनवणाऱ्या कंपनीला तीनदा मेल केला. तिन्ही वेळा एकच उत्तर: ड्रायव्हर (कॉम्प्युटरचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. केला की बाबांनो! मग 11 जीबीचा पॅच, म्हणजे गेमची दुरुस्ती, आला. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, दोन रात्री जागून मोबाईलच्या नेटवर उतरवला. घोडा अजून पुलावरच.

स्टीमचा पैसे परत करायचा नियम असा की घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं. माझे सहा तास झालेत, पूल यायलाच चार तास लागतात!

मित्र म्हणतो दम धर, 'नो मॅन्स स्काय' हा गेम 2016 ला शिव्या खातच आला आणि फुकट अपडेट देत सुधारला. 'सायबरपंक 2077' तर डिसेंबर 2020 मध्ये सोनीनं आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, जून 2021 ला परत घेतला. खरंय, पण त्यांनी काम सोडलं नाही. इथं पुढच्या गेमची जाहिरात सुरू झाली पण.

मुदत उलटल्यावर कुणाला रिफंड मिळालाय का? अर्जात काय लिहिलं? 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर परदेशी कंपनीची तक्रार कुणी केलीय का? आणि कुणाकडं पुलाच्या पलीकडची सेव्ह फाईल असेल तर द्या. दादाला अजून सांगितलं नाही.