‘क्विक क्ले’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : नॉर्वेतल्या भूस्खलनांविषयीचा मजकूर मराठीत आणतो आहे. ढवळली की द्रवासारखी पातळ होणाऱ्या ‘क्विक क्ले’पाशी अडलो. ‘शीघ्र चिकणमाती’, ‘जलद माती’, ‘संवेदनशील माती’ असे सुचले आहे, पण एकही शब्द पटत नाही. शिवाय ‘लँडस्लाइड’ला सरसकट ‘दरड कोसळणे’ चालेल का?

उत्तर : पहिले दोन कृपया घेऊ नका. इथल्या ‘क्विक’चा वेगाशी संबंध नाही. नॉर्वेजियनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ ‘जिवंत’, जुन्या इंग्रजीतही तोच. पारा हलतो, पळतो म्हणून त्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात. आपला ‘जीव’ही त्याच प्राचीन मुळातून आलेला आहे, त्यामुळे ‘जिवंत चिकणमाती’ म्हटले तर आपण मूळ अर्थाच्या अगदी जवळ राहतो.

ही माती हिमयुगाच्या अखेरीस खाऱ्या समुद्राच्या तळाशी साचली. मिठामुळे तिचे चपटे कण एकमेकांना कडेने टेकून उभे राहिले, जणू पत्त्यांचा बंगला, आणि पोकळ्यांत पाणी. पुढे बर्फाचा भार उतरला, जमीन वर आली आणि हजारो वर्षे गोडे पाणी झिरपून मीठ धुतले गेले. बंगला उभाच राहिला, पण त्याला धरून ठेवणारे मीठ गेले. प्रयोगशाळेत या मातीचा गट्टू टेबलावर नीट उभा राहतो, वजनही पेलतो. तोच भांड्यात घेऊन ढवळला, तर पाण्याचा थेंबही न घालता तो ओतता येईल इतका पातळ होतो. त्यात मीठ घातले की पुन्हा घट्ट! मला तरी या मातीची सगळी गोष्ट त्या चिमूटभर मिठातच दिसते.

प्रतिप्रश्न : पण शेतीच्या लेखनात ‘जिवंत माती’ म्हणजे जीवाणू, गांडुळे असलेली कसदार माती. वाचक गोंधळणार नाही का?

उत्तर : ही अडचण खरी आहे. म्हणून नुसते ‘माती’ न म्हणता ‘चिकणमाती’ म्हणा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘क्विक क्ले’ देवनागरीत जोडा. ‘संवेदनशील’ मात्र व्यापक गटासाठी राखून ठेवा. न हलवलेल्या मातीची ताकद भागिले तीच माती मळल्यानंतरची ताकद, हे गुणोत्तर म्हणजे तिची संवेदनशीलता. स्वीडनमध्ये ते ५० च्या वर असावे लागते, आणि मळलेली माती जवळपास द्रवच असावी लागते, तेव्हा तिला ‘क्विक’ म्हणतात. प्रत्येक क्विक क्ले संवेदनशील असते, उलट मात्र खरे नाही.

आता ‘दरड’. दरड म्हणजे उभा कडा किंवा तुटलेला काठ. क्विक क्लेची जमीन मात्र बऱ्याचदा जवळजवळ सपाट असते. २९ एप्रिल १९७८ ला नॉर्वेतल्या रिस्सा इथे एका बांधकामातून निघालेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याच्या काठावर टाकली होती. काठाचा छोटा तुकडा आधी सुटला. सुटलेली माती पातळ होऊन निघून गेली, त्यामुळे मागच्या मातीचा आधार गेला, मग तीही सुटली. असे मागे मागे खात जाऊन सुमारे ३३ हेक्टर जमीन गेली, घरे तिच्यावर तरंगत गेली. याला ‘कोसळली’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचे चित्र उभे राहते.

शीर्षकात ‘भूस्खलन’ ठेवा, वर्णनात क्रियापद जपून निवडा. सुरुवातीच्या तुकड्याला ‘घसरला’, मागच्या जमिनीला ‘सुटत गेली’, आणि शेवटी ‘जमीन वाहिली’. ‘वाहून गेली’ लिहू नका. त्यात दुसऱ्या कुठल्या तरी पाण्याने तिला नेले असा अर्थ येतो, आणि इथे तर जमीनच पाण्यासारखी झालेली असते.