केसवरचं इंजिन सोडा, मूव्हमेंट बघा

जुन्या खिशातल्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर रेल्वे इंजिन कोरलंय म्हणजे ते रेलरोड ग्रेडच (रेल्वेच्या कामासाठी चालणारं अचूक घड्याळ), असं वर एकाने लिहिलंय ते पटत नाही. केस, म्हणजे बाहेरचं कवच, तेव्हा वेगळी विकत मिळायची आणि नंतरही बदलली जायची, त्यामुळे केसवरचा नंबर बघून वर्ष काढू नका, मूव्हमेंटवरचा, म्हणजे आतल्या यंत्रावरचा, सीरियल नंबर लागतो. झाकण स्क्रूचं असेल तर हाताने फिरवून उघडा, सुरी अजिबात घालू नका प्लीज!! आत प्लेटवर ग्रेड, ज्वेल्स (झीज कमी करणारे बारीक खडे) आणि ॲडजस्टमेंट (घड्याळ किती पोझिशन्समध्ये धरून वेळ जुळवलीय ते) कोरलेली असते. हॅमिल्टन कंपनीचं ९९२ मॉडेल असेल तर २१ ज्वेल्स, ५ पोझिशन्स, म्हणजे खरंच रेल्वेवाली. पण त्याच कंपनीचं ९७४ हे १७ ज्वेल्सचं, ३ पोझिशन्सचं, दिसायला छान पण त्या दर्जाचं नाही. नुसतं ‘ॲडजस्टेड’ लिहिलं असेल तर तेवढ्यावर भुलू नका.

आणि लिव्हर सेट आहे का तेही बघा, समोरची काचेची रिंग काढून डायलच्या कडेची बारीक पट्टी ओढली की मगच काटे फिरतात, म्हणजे चावी देताना वेळ चुकून बदलायला नको. १८९१ च्या ओहायोतल्या किप्टन रेल्वे अपघातानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले ना. मूव्हमेंटचा क्लिअर फोटो टाका, बघून सांगतो.