शब्दचर्चा: ॲक्सिलरेटर, नेमोनिक आणि शॉर्टकट, तिघांना एकच शब्द कसा पुरेल?

तळटीप
ग्नोम टर्मिनल (लिनक्सवर आज्ञा टाइप करायची खिडकी) याच्या प्रेफरन्सेसमधल्या दोन ओळींचं मराठी करताना अडलंय. ‘जनरल’मध्ये दोन चौकटी आहेत. पहिलीत टिक असली की ऑल्ट+एफ दाबल्यावर फाईल मेनू उघडतो. इंग्रजीत याला नेमोनिक म्हटलंय. दुसरीत टिक असली की एफ१० दाबल्यावर मेनूपट्टीवर जाता येतं. तो मेनू ॲक्सिलरेटर. शिवाय ‘शॉर्टकट्स’ हा विभाग वेगळाच, त्यात कंट्रोल+शिफ्ट+टी म्हणजे नवा टॅब वगैरे. तिन्हीकडे ‘शॉर्टकट’ लिहिलं तर कुठली टिक काढायची ते वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि ती काढावी लागतेच. टर्मिनलच्या आत चालणाऱ्या मिडनाइट कमांडर किंवा एचटॉप या प्रोग्रॅममधून बाहेर पडायला एफ१० दाबावं, तर ती कळ टर्मिनलच मध्ये पकडतं आणि स्वतःचा मेनू उघडतं. ॲक्सिलरेटरला ‘त्वरक’ चालेल का?

रानजाई
त्वरक नको. कण-त्वरकात कणांचा वेग तरी वाढतो, इथे कशाचाच वाढत नाही. ‘मेनूची कळ (एफ१०)’ एवढं पुरे. नेमोनिकला ‘अधोरेखित अक्षर’ म्हणा. ऑल्ट धरून ठेवलं की मेनूच्या नावातल्या एका अक्षराखाली रेघ दिसते, तेच नाव द्यावं. ‘ऑल्ट आणि अधोरेखित अक्षराने मेनू उघडा’ ही ओळ कुणालाही समजेल.

दंडबेटकुळी
‘अधोरेखित अक्षर’ हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. ‘स्मरणाक्षर’ का नको? दोन पिढ्यांनी वापरलं की रुळेल. ‘कळफलक’ही असाच रुळला.

सोनटक्का
स्मरणाक्षर मराठीत खोटं ठरतं. अनुवादाच्या फायलीत ज्या अक्षराआधी अंडरस्कोर, त्याच्याखाली रेघ येते. आता ‘फाईल’मधल्या फ-खाली रेघ दिली असं धरा. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळ-मांडणीत फ आहे शिफ्ट+एचवर, म्हणजे दाबायचं ऑल्ट+शिफ्ट+एच. ‘मदत’मधला म सी-वर, ‘दृश्य’मधला द ओ-वर. यात स्मरणाला मदत कुठे झाली? आणि टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करताना इंग्रजी मांडणीच चालू असते, तेव्हा फ कळफलकावर नसतोच. म्हणून मराठी नावापुढे कंसात मूळ रोमन अक्षर ठेवून रेघ त्याच्याखाली देतात. दिसायला बरं नाही, पण ऑल्ट+एफ चालतं. रानजाईंचं ‘अधोरेखित अक्षर’ त्यालाही लागू पडतं.

ओसरी
शब्द कुठलाही घ्या, पण ही टिक का काढावी ते मदतपानात लिहा. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ऑल्ट+एफने कर्सर एक शब्द पुढे जातो, ऑल्ट+बीने मागे. नॅनो या मजकूर-संपादकात ऑल्ट+यू म्हणजे अनडू, ऑल्ट+ई म्हणजे रीडू. मेनूपट्टी दिसत असेल आणि पहिल्या चौकटीत टिक असेल, तर ऑल्ट+एफ आणि ऑल्ट+ई आतल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाहीत. फाईल आणि एडिट हे मेनू उघडतात. टिक न काढता काम भागवायचं तर ऑल्टऐवजी आधी एस्केप दाबून सोडायचं, मग एफ दाबायचं. एफ१०चंही तेच: मिडनाइट कमांडरमध्ये एस्केप, मग ०.

दंडबेटकुळी
‘टिक’, ‘कर्सर’, ‘प्रोग्रॅम’, ‘अनडू’. क्रियापदं तेवढी मराठी उरली. ‘कळ’ हा शब्द ‘कला’वरून, म्हणजे युक्तीवरून आलेला. कळसूत्री बाहुलीतली कळ तीच. असा शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

सोनटक्का
कळ कोण नाकारतंय? पण ‘कळ लागणे’, ‘कळ लावणे’, ‘कळ सोसणे’ हेही घरातलेच आहेत, आणि लोक बटण दाबतात. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘ऑप्शन ही मेटा की म्हणून वापरा’ (मेटा म्हणजे इथे ऑल्टचं काम) अशी चौकट आहे, सेटिंग्जमध्ये प्रोफाइल्स, मग कीबोर्ड. तिथे ‘पर्याय कळ’ लिहिलं तर माणूस बटणावर ‘पर्याय’ शोधत बसेल. बटणावर जे छापलंय ते तसंच ठेवावं.

रानजाई
नावं तशीच ठेवा, क्रियांची मात्र मराठी करा, आणि ती नेमकी करा. टर्मिनलच्या मराठी टिपणांमध्ये कंट्रोल+सी, कंट्रोल+झेड आणि कंट्रोल+एस या तिघांपुढे सर्रास ‘थांबवा’ लिहिलेलं असतं. तिघांचा परिणाम पूर्ण वेगळा आहे. सी-ने चालू कामाला व्यत्ययाचा संकेत जातो आणि ते बहुधा संपतं. झेड-ने काम जिवंत राहून अडून बसतं, एफजी ही आज्ञा लिहिली की जिथे होतं तिथून पुढे चालू. एस-ने टर्मिनलकडे जाणारा मजकूर अडतो. पडदा गोठल्यासारखा होतो आणि लोक खिडकीच बंद करतात. खरं तर कंट्रोल+क्यू दाबलं की मधल्या वेळात टाइप केलेलंसुद्धा एकदम उमटतं. हे अडणं कायमचं बंद करायचं तर बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग्जच्या फायलीत ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ घालावी.

तळटीप
सी-पुढे कुणी ‘कॉपी’ही लिहितं, त्याचं काय करावं?

ओसरी
ते तर घातकच. कंट्रोल धरलं की संगणकाने अक्षराला दिलेल्या क्रमांकातून ६४ वजा होतात: सी ६७, म्हणून ३ जातो, आणि ३ म्हणजे व्यत्यय. शिफ्ट धरल्याने हा आकडा बदलत नाही. म्हणून कंट्रोल+शिफ्ट+सी ही जोडी टर्मिनलची खिडकी स्वतःच पकडते आणि कॉपी करते. आतल्या प्रोग्रॅमला ती कळतही नाही. याच हिशोबाने कंट्रोल+आय म्हणजे ९, तोच टॅब. कंट्रोल+एम म्हणजे १३, तोच एंटर. या जोड्यांना वेगळं काम नेमून दिलं की टॅब आणि एंटर बिघडतात.

दंडबेटकुळी
तिघांना तीन शब्द घ्या: तोडा, स्थगित करा, रोखा.

रानजाई
झेड-ला ‘तहकूब’ हवं. सभा तहकूब होते ती पुन्हा भरायची म्हणूनच. स्थगिती वरून येते आणि कधी उठेल ते सांगता येत नाही. ‘जॉब्स’ या आज्ञेने दिसणारी कामांची यादीही नीट वाचता येते: ‘[१] तहकूब’, ‘[२] चालू’. तहकूब काम मागे ठेवून एक्झिट केलं की बॅश एकदा अडवतं, तिथेही ‘तहकूब कामे शिल्लक आहेत’ हे चपखल बसतं.

दंडबेटकुळी
तहकूब फारसी-अरबी वळणाचा शब्द आहे.

सोनटक्का
कायदा, शिल्लक, वसूल, हिशोब हेही तिकडूनच आले. तहकूबला माझं मत. पण मग तहकूब काम मागे चालू करणाऱ्या बीजी या आज्ञेला काय म्हणायचं? ‘पार्श्वभूमीत चालवा’ ऐकलं की चित्रामागचं डोंगर-झाड डोळ्यांपुढे येतं. ‘पडद्याआड’ बरं.

ओसरी
पडद्याआड चुकीचं. बीजीने मागे टाकलेलं काम पडद्यावर लिहीतच राहतं, तुम्ही टाइप करत असलेल्या ओळीच्या मधोमध त्याचा मजकूर येऊन पडतो. त्याचा हक्क जातो तो फक्त कळफलकावरचा. वाचायला गेलं की यंत्रणा त्याला तिथेच अडवते, आणि जॉब्समध्ये ते पुन्हा तहकूब दिसतं. शब्द या फरकावर बेतायला हवा.

तळटीप
‘कळफलकाविना चालवा’?

दंडबेटकुळी
‘विनाकळ’ करा. एका शब्दात बसतं.

सोनटक्का
विनाकळ म्हणजे दुखत नाही असं वाटतं. ‘मागे चालू ठेवा’ म्हणा.