पुळणीवरची शेकोटी
पुळणीवर शेकोटी पेटवायची तर 'रिसॉर्टवाला चालतं म्हणाला' ही परवानगी नव्हे हो. आधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात विचारा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले या गावांच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात तर नकोच. तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला वर येतात. 45 ते 60 दिवसांनी निघालेली पिल्लं उजेडाकडे धावतात. म्हणजे समुद्र सोडून तुमच्या शेकोटीकडे! 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला जीव आहे तो.

आणि 'वाळू लोटली की विझते' हे साफ चूक. आतले निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. आमच्या भाच्याचा तळवा सकाळी असाच पोळला, वरून वाळू अगदी साधी दिसत होती. पाणीच ओता, बादल्या भरभरून. सुरूच्या बनात तर काडीसुद्धा ओढू नका, खाली सगळा वाळका पाला असतो.