मदत हवी आहे: रिकॉलचं काम ‘झालं’ म्हणतात, पण पेट्रोलचा पाइप जुनाच आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी मार्चमध्ये 2022 सालची मोटरसायकल सेकंडहँड घेतली. तो साताऱ्याहून शिरवळला कंपनीत जातो. दुसरी पाळी असली की मध्यरात्रीनंतर खंबाटकी घाट चढून घरी येतो. गेल्या आठवड्यात घाटात त्याला पेट्रोलचा वास आला. गाडी कडेला घेऊन मोबाइलचा टॉर्च मारला, तर टाकीखालच्या पाइपाला क्लिपजवळ बारीक चीर पडलेली आणि थेंब थेंब पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडत होतं. पँटचा गुडघा भिजला होता. गाडी टेम्पोतून घरी आणली. तेव्हापासून आई त्याला चावी देत नाही, आणि मीही तिच्याच बाजूची आहे.

पहिल्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, त्या पाइपाचा मेसेज आला होता कंपनीचा. पण गाडी विकायचीच होती, म्हणून गेलो नाही.” मेसेज त्यांनी मला पाठवला. रिकॉलचा होता, म्हणजे सदोष पार्ट तपासून फुकट बदलून द्यायला कंपनी गाड्या परत बोलावते तो. तो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवर चॅसी नंबर टाकला आणि उत्तर मिळालं, “मॅडम, हा रिकॉल क्लोज आहे. पाइप हवा तर पैसे भरावे लागतील.”

पैसे भरून मी मोकळी होईन. पण न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं असेल, तर अशा आणखी किती गाड्या घाट चढत असतील? पाइप बदललाच नाही हे सिद्ध कसं करायचं? मालक बदलला म्हणून हक्क जातो का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1

ताई, गाडी अजिबात चालू करू नका. फ्युएल इंजेक्शनच्या (पंपाने इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत त्या पाइपात पेट्रोल दाबाखाली असतं. गॅरेजवाला एम-सील लावून देतो म्हणाला तरी नको, साधा रबरी पाइप तर नाहीच.

रिकॉल चॅसी नंबरवर असतो, मालकाच्या नावावर नाही, त्यामुळे ती काळजी सोडा. मात्र क्लोज म्हणजे पार्ट बदललाच असं नसतं. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी 2,36,966 गाड्या बोलावल्या, तेव्हा प्रत्यक्ष बदलायची वेळ 10 टक्क्यांहून कमी गाड्यांवर येईल असं कंपनीनेच सांगितलं होतं. बाकीच्या तपासून सोडायच्या. म्हणून त्या कामाचं जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाची नोंद, मागा. तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहिलाय का, हे बघा. मी बारा वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत, खोटं काम किलोमीटरच्या रकान्यात पकडलं जातं. पाइप काढायच्या आधी चिरेचा जवळून फोटो घ्या आणि जुना पाइप त्यांच्याकडे ठेवू नका.

प्रतिसाद 2

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं आणि रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. एकाच मॉडेलच्या किती तक्रारी आल्या, यावर सक्तीच्या रिकॉलचा विचार होतो, म्हणून काम झालं तरी तुमची तक्रार नोंदवाच. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी मेल करा, सर्व्हिस सेंटरशी तोंडी वाद घालत बसू नका. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बराच वेळ बसून राहिल्यावर आज जॉबकार्डची प्रत मिळाली. डिसेंबरमधलं आहे, किलोमीटर 21,340. आमच्या सर्व्हिस बुकात दुसऱ्या सेंटरचा त्याच्या पुढच्या जानेवारीतला शिक्का आहे, तिथे 17,905! पार्ट नंबरचा रकाना कोराच.

दोन्ही पानांचे फोटो आणि चिरेचा फोटो कंपनीला मेल केले. तासाभरात फोन आला, सोमवारी मॅनेजरनी बोलावलंय, गाडी न्यायला त्यांचाच टेम्पो येणार आहे. वाहन पोर्टलवरची तक्रार आज रात्री भरते. सोमवारी गाडी ताब्यात देताना त्यांच्याकडून काय काय लिहून घेऊ?