मदत हवी आहे: 'डार्क व्हॉइड'मध्ये फिजएक्स लावलं की गेम अडखळतो

२०१० चा 'डार्क व्हॉइड', पीसीवर. फिजएक्स म्हणजे धूर, कण यांच्या हालचालींचं गणित करणारं एनव्हिडियाचं तंत्र. जेटपॅकने उडणं आणि उभ्या कड्यावर आडोसा घेत लढणं या कल्पना खरंच छान होत्या, पण जमिनीवरच्या त्याच त्या चकमकींत गेम विरून गेला. म्हणून उपायही फारसे सापडत नाहीत.

गेम ३२-बिट आहे. माझं कार्ड एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतलं; त्यात ३२-बिट कूडा (ग्राफिक्स कार्डवर गणितं चालवणारी प्रणाली) नसल्याने फिजएक्सचा सगळा भार सीपीयूवर येतो. बंद केलं तर सुरळीत, पण मग धुराची आणि कणांची मजाच जाते.

जोडीला जीटीएक्स १०५० टीआय हे जुनं कार्ड लावून कंट्रोल पॅनेलमधून फिजएक्स त्याच्याकडे द्यायचंय. दोन्ही कार्डांना ५८० शाखेचाच (५८० ने सुरू होणाऱ्या आवृत्तीचा) ड्रायव्हर लागेल ना? मदरबोर्डवरचा दुसरा स्लॉट चारच लेनचा (डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिकांचा) आहे, तेवढा पुरतो का? कुणी हीच जोडी लावली असेल तर फ्रेम्सचे आकडे नक्की सांगा.